फॉरवर्डवरचे दोन बाण

सोलापूरच्या पूर्व भागात माझे एक छोटे सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, निवृत्तिवेतनाचे अर्ज, आधारची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही माझी रोजची कामे. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र आणखी एक काम नकळत माझ्याकडे आले आहे. लोक फोन पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे खरं हाय का बघा की." त्यात कधी एखाद्या योजनेची लिंक असते, कधी पाणी चार दिवस येणार नसल्याचा निरोप असतो, तर कधी एखादा भयंकर व्हिडिओ असतो. अशा निरोपावर बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचे ते दोन बाण दिसतात, म्हणजेच तो अनेक हातांतून फिरून आलेला असतो. हे काम आता माझ्यासारख्या, काउंटरवर बसणाऱ्या माणसांनी जाणीवपूर्वक अंगावर घ्यावे लागणार आहे, असे मला वाटते, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी एक प्रसंग सांगते. जून महिना होता आणि शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या भागातल्या तीन-चार ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यात एका बाईला गर्दीने धरलेले होते, तिच्या हातातले पोते ओढले जात होते आणि वर कुणाचा तरी मराठी आवाज बसवलेला होता की मुले पळवणारी टोळी सोलापुरात आली आहे, आत्ताच एका शाळेजवळ एक बाई सापडली आहे. दुपारी मी शाळेच्या रस्त्याने गेले, तेव्हा फाटकाशी नेहमीपेक्षा तिप्पट आया उभ्या होत्या. थोड्या अंतरावर केसांवर भांडी देणारी एक बाई रस्त्याच्या कडेला बसली होती आणि दहा-बारा जणांनी तिला घेरले होते. तिचे बोचके रस्त्यावर उलटे केलेले होते. स्टीलच्या चार वाट्या, एक चाळणी, प्लॅस्टिकचे दोन डबे आणि बायकांच्या विंचरणीतून निघालेल्या केसांचे लहान-लहान पुंजके, एवढाच तिचा ऐवज होता. ती एकेक वाटी उचलून पदराने पुसत होती आणि आपण कुठल्या वस्तीवर राहतो ते पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्यावर कुणी हात टाकला नव्हता, परंतु तेथील एखादा माणूस थोडा अधिक तापट असता तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

ही भीती उगीच नव्हती. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती, आणि त्यांतील बहुतेक जण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात पाकिस्तानातील कराची येथे, मुलांच्या सुरक्षेविषयी पालकांना जागे करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा भाग, ज्यात पळवलेले मूल परत आणून पालकांना सावध केले जाते, तेवढाच कापून टाकलेला होता. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, याच संशयावरून मारहाण झाली. म्हणजे अशा अफवेचे बळी कधी आपल्या जिल्ह्यातून बाहेर गेलेले असतात, तर कधी आपल्या जिल्ह्याकडे येत असलेले. भिक्षेकरी, फेरीवाले, वारीला निघालेले साधू, बोलीभाषा वेगळी असलेले मजूर, असे जे कुणाच्या ओळखीचे नसतात, त्यांच्यावरच पहिला संशय जातो.

राईनपाड्यानंतर काही गोष्टी घडल्या आणि त्यांची नोंद प्रामाणिकपणे घ्यायला हवी. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फॉरवर्ड झालेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. जानेवारी 2019 मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या काळात, जो निरोप आधीच अनेकदा फिरला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा बदल झाला, आणि त्यानंतर असे अतिप्रसारित निरोप सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही 17 जुलै 2018 च्या निकालात, जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले.

यातून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. व्हॉट्सॲपवरचे निरोप कूटबद्ध असतात आणि कंपनीला ते वाचता येत नाहीत, तरीही केवळ निरोपाचा वेग कमी करून तिला एवढा फरक पाडता आला. खरे काय आणि खोटे काय हे ठरवणारे आम्ही कोण, असे या कंपन्या आज म्हणतात. परंतु दोन बाणांची खूण करायला किंवा पाचाचे एक करायला कुणालाही सत्याचा निवाडा करावा लागला नव्हता. त्यामुळे हात झटकण्यासाठी दिले जाणारे हे कारण मला पटत नाही.

आणि हात झटकणे हे आता उघडपणे चालू आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये ट्विटर 44 अब्ज डॉलरला विकले गेले. त्यानंतर काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास कर्मचारी काढले गेले, करोनाविषयीच्या खोट्या माहितीवरचे धोरण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुंडाळले गेले आणि डिसेंबरमध्ये सुरक्षिततेबाबत सल्ला देणारे बाहेरच्या तज्ज्ञांचे मंडळही बरखास्त झाले. ओळख पटवून मिळणारी निळी खूण पैसे भरून मिळू लागली. पोस्टवर होणाऱ्या वर्दळीनुसार पोस्ट टाकणाऱ्याला पैसे मिळण्याची सोयही 2023 पासून झाली, म्हणजे खळबळ माजवणाऱ्याला वर मेहनतानाच सुरू झाला. 7 जानेवारी 2025 रोजी मार्क झुकरबर्ग यांनी, फेसबुक व इन्स्टाग्रामवर 2016 च्या अखेरीपासून चालू असलेली स्वतंत्र तथ्यपडताळणीची व्यवस्था अमेरिकेत बंद करत असल्याचे जाहीर केले. यापुढे वाईट मजकूर कमी पकडला जाईल, हेही त्यांनी त्याच वेळी मान्य केले. कोणता मजकूर कुठे पसरतो आहे हे पाहण्यासाठी पत्रकार व संशोधक वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन तर त्याआधीच, ऑगस्ट 2024 मध्ये, बंद झाले होते. रोगही वाढू द्यायचा आणि तो मोजण्याचे साधनही काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

तथ्यपडताळणीची ती घोषणा अमेरिकेपुरती होती, मग सोलापूरला काय, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, मराठी माणसाला या व्यवस्थेचे संरक्षण पुरते मिळालेच नव्हते. 2021 मध्ये फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, त्यांवरून असे दिसले की खोटी माहिती ओळखण्यासाठी खर्च होणाऱ्या वेळेपैकी 87 टक्के हिस्सा एकट्या अमेरिकेसाठी राखलेला होता, आणि तेथील वापरकर्ते तर रोजच्या एकूण वापरकर्त्यांच्या सुमारे दहा टक्केच होते. हिंदी आणि बंगालीतला विखारी मजकूर ओळखणारी पुरेशी यंत्रणा नसल्याचे त्याच कागदांत नमूद होते. जिथे हिंदीची ही अवस्था, तिथे मराठीची काय असणार? आणि आमच्या भागात तर एकाच घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी उर्दू अशी भाषांची सरमिसळ चालते, ती कोणत्या यंत्राला उमगणार?

आता पडताळणी करणाऱ्यांच्या जागी सामान्य वापरकर्त्यांनी लिहिलेल्या टिपांचा मार्ग पुढे केला जात आहे. त्यामागची कल्पना मला नावडत नाही. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनाही एखादी टीप उपयुक्त वाटली, तरच ती सर्वांना दिसते, ही अट विचारपूर्वक घातलेली आहे. मात्र त्यासाठी वेळ लागतो आणि मते देणारी पुरेशी माणसे त्या भाषेत असावी लागतात. ज्या विषयावर लोक सर्वाधिक दुभंगलेले असतात, नेमक्या त्याच विषयावर दोन्हीकडचे एकमत होत नाही आणि टीप दिसतच नाही. शाळेच्या फाटकाशी जमाव गोळा व्हायला तीन तास पुरतात. शिवाय ही टीप सार्वजनिक पोस्टला लागते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एखाद्या गल्लीच्या ग्रुपवर ती कोण लावणार?

सरकारने हे काम करावे, असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. मला त्यात धोका दिसतो. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कामकाजाविषयीची कोणती माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच एका कक्षाकडे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तो निकाल मला योग्य वाटतो, कारण ज्याच्याविषयी बोलले जात आहे त्यानेच खरे-खोटे ठरवायचे, हे न्यायाला धरून नाही. सरकारने स्वतःकडची खरी माहिती लवकर आणि समजेल अशा भाषेत द्यावी, एवढे केले तरी पुष्कळ होईल. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा धरण फुटल्याचा एक आवाजी निरोप नदीकाठच्या गावांत फिरत होता. माझ्या मावसभावाच्या वस्तीवरचे लोक तो ऐकून भर रात्री जनावरे घेऊन रस्त्यावर येऊन थांबले. त्या वेळी विसर्गाचे खरे आकडे उपलब्ध होते, परंतु ते पीडीएफमध्ये, क्युसेक्सच्या भाषेत होते. अफवा मात्र थेट "काका, निघा तिथून" अशा शब्दांत आली होती. घाबरलेल्या माणसाने त्या दोहोंतले काय ऐकले असेल ते वेगळे सांगायला नको.

त्या जूनच्या दुपारकडे परत येते, कारण त्या दिवशी मला जे शिकायला मिळाले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नसते. केंद्रात परत आले तेव्हा विडी कामगार कार्डाच्या कामासाठी एक अक्का येऊन बसल्या होत्या. त्यांच्याही फोनवर तोच व्हिडिओ होता. आम्ही दोघींनी तो पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. अकराव्या-बाराव्या सेकंदाला गर्दीच्या मागे एका दुकानाची पाटी अर्धवट दिसत होती. मला त्यातले एकही अक्षर वाचता आले नाही. अक्कांनी चष्मा लावला, फोन नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "हे आमच्या लिपीत हाय की ओ ताई. सिमेंट-लोखंडाचं दुकान हाय, खाली गावाचं नाव बी हाय. हे सोलापूर न्हाई, आमच्या आजाचं मुलूख हाय हे." पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांचे पूर्वज तेलंगणातून आलेले, त्यामुळे ते गाव त्यांना ऐकून माहीत होते. मग मी त्या क्षणाचे चित्र वेगळे काढून गुगल लेन्सवर शोधले, तर तेच दृश्य कित्येक वर्षांपूर्वीच्या एका पोस्टमध्ये सापडले. खरे तर पाटी वाचून झाली तेव्हाच काम झाले होते. ज्या शहरात चार लिप्या वाचणारी माणसे एका गल्लीत राहतात, त्या शहराकडे पडताळणीची केवढी मोठी साधनसंपत्ती आहे, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

पुढचा भाग अधिक अवघड होता. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकणारा एक रिक्षाचालक होता आणि त्याला मी लहानपणापासून ओळखते. त्याला ग्रुपवर सर्वांसमक्ष खोटे ठरवले असते तर तो हट्टाला पेटला असता, म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "दोन पोरी शाळेत हायत माझ्या, काळजीनं टाकलो मी." हे मला शंभर टक्के खरे वाटते. खोटा व्हिडिओ बनवणाऱ्याचा हेतू दुष्ट असतो, परंतु तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काळजीच असते, आणि त्या काळजीचा मान राखून बोलले तर माणूस ऐकतो. पाटीचा फोटो मी त्याला पाठवला. त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुपवर स्वतःच लिहिले की तो व्हिडिओ तेलंगणातला आणि जुना आहे, आपल्या शाळेजवळ असे काहीही घडलेले नाही. माझ्या दहा निरोपांपेक्षा त्याच्या त्या दोन ओळींचा परिणाम मोठा झाला. अक्कांनी तेलुगूत एक मिनिटाचा आवाजी निरोप करून घरकुलातल्या बायकांना पाठवला, कारण त्यांतील अनेकींना लिहिलेले वाचता येत नाही. मुख्याध्यापिकांनी पालकांच्या ग्रुपवर सर्व मुले वर्गात सुखरूप असल्याचे कळवले. दुपारी अडीचपर्यंत फाटकासमोरची गर्दी ओसरली. केसांवर भांडी देणारी ती बाई मात्र पुढे कितीतरी महिने आमच्या गल्लीत फिरकली नाही.

तेव्हापासून मी काही पथ्ये पाळते. खोटा व्हिडिओ "हे खोटे आहे" असे लिहूनही पुढे पाठवत नाही, कारण पुढच्या हातात माझे शब्द गळून पडतात आणि व्हिडिओ तेवढा उरतो. दाखवणे भागच असेल तर एक स्थिर चित्र घेऊन त्यावर मोठी लाल फुली मारते. उत्तर लिहिताना पहिले वाक्य खऱ्याचे ठेवते, म्हणजे "सर्व मुले सुखरूप आहेत" हे आधी आणि अफवेचा उल्लेख नंतर, तोही एकदाच, कारण वारंवार कानावर पडलेली गोष्ट माणसाला खरी वाटू लागते. उत्तरात तारीख घालते. अफवेत "आत्ताच" आणि "आपल्या भागात" असे शब्द असतात, म्हणून ती दोन वर्षांनीही ताजी राहते. माझे उत्तर मात्र कोणत्या दिवसाचे आहे ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. आणि जे मला ठरवता येत नाही त्याविषयी "अजून खात्री झालेली नाही, तोवर पुढे पाठवू नका" एवढेच लिहिते. सरसकट सगळ्याला खोटे म्हणण्याची सवयही तितकीच घातक आहे. यंत्राने हुबेहूब आवाज आणि चेहरे तयार होऊ लागल्यापासून, खरोखर पकडला गेलेला माणूसदेखील "ते यंत्राने बनवलेले आहे" असे म्हणून सुटू पाहतो, आणि लोक कशावरच विश्वास ठेवेनासे झाले तर त्याचा फायदा अशाच माणसांना मिळतो.

योजनांच्या नावाने येणाऱ्या लिंकांचा त्रास वेगळा आहे, त्यावर इथे फार लिहीत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा कशाने संपतो हे मी काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे आणि दिवसातून दोन-तीन जण तरी त्याकडे बोट दाखवून स्वतःच म्हणतात की मग हे बनावट दिसते.

कंपन्यांवरची जबाबदारी आपण उचलतो आहोत म्हणजे त्यांना मोकळे सोडतो आहोत, असा आक्षेप माझ्या भाच्याने घेतला होता आणि त्यात तथ्य आहे. आमच्या भाषांत मजकूर पाहणारी माणसे नेमा, निरोपांचा वेग आणखी रोखा, संशोधकांना माहिती पाहू द्या, अशी मागणी करत राहिलेच पाहिजे. ती मान्य होईपर्यंत मात्र शाळेचे फाटक, एसटी स्टँड आणि बाजाराचा दिवस थांबून राहणार नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरेल. बाहेरगावचे खेळणीवाले, पाळणेवाले, भिक्षेकरी हजारोंनी येतील, आणि गर्दीच्या दिवसांत मुले पळवल्याचा एखादा जुना व्हिडिओ नव्या आवाजासह येण्याची शक्यता मला खूप वाटते. म्हणून या वेळी तो येण्याआधीच लोकांपर्यंत पोहोचायचे असे आम्ही ठरवले आहे. असे व्हिडिओ कसे बनवले जातात, पाटी आणि गाडीचा क्रमांक कसा पाहावा, मूल खरेच हरवले तर आधी 112 वर फोन करावा किंवा यात्रेतल्या पोलिसांना गाठावे, एवढे एका मिनिटात सांगणारे निरोप तयार करत आहोत. मराठी निरोप माझ्या आवाजात झाला आहे, तेलुगू अक्कांच्या, आणि उर्दूचा त्या रिक्षाचालकाच्या मित्राने कालच करून पाठवला. कन्नडसाठी अक्कलकोट रोडच्या एका किराणा दुकानदार काकांना विचारले आहे, ते रविवारी दुकान बंद करून येतो म्हणाले आहेत.